काकूच्या गळ्यावरची गाठ

बिब्बा तापल्याचा उग्र वास आला की मला देवरीकडच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते आणि आजही डोकं फिरतं. काकूच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ होती आणि आत्या ती जाळायला सुईवर बिब्बा तापवत बसली होती. आरोग्य संस्थेतर्फे थायरॉईडची पत्रकं छापून गावभर वाटणारी मी, आणि माझ्याच घरात हे चाललेलं. मी सुई हिसकावली. "काऊन जाळून राहिली वं आत्या?" उत्तर काकूनेच दिलं, "तुह्याच कागदावर कापलेल्या गळ्याचा फोटो हाय. त्यापरीस डाग बरा." मी तिला तशीच बसमध्ये बसवून गोंदियाला नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, बारीक सुईने गाठीतला नमुना घेतला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. गिळायला त्रास नाही, म्हणून कापायचीही गरज नाही. वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करू." मी आनंदाने खुर्चीतून उठलेच. काकू मात्र माझ्यावरच डाफरली, "मंग हे काऊन नाही छापलं?" आता आमच्या पत्रकावर तो फोटो नाही, आणि पहिली ओळ काकूने सांगितलेली आहे: गाठ दिसली की तपासून घ्या, प्रत्येक गाठ कापत नाहीत.