फळ न धरणारी वेल

गाडीवर कापलेल्या पॅशन फ्रूटचा आंबटगोड वास आला, की काही वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवतो. गच्चीवर मी त्याची वेल लावली होती. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येई, म्हणून रोज ऑफिसातून थकून आल्यावर मी खालच्या हौदातून बादल्या वर नेऊन ती जगवायचो. कळ्या भरपूर आल्या, पण फळ एकही धरेना. त्या रविवारी सकाळी लवकर बादली घेऊन वर गेलो, तर आई उमललेली फुलं परडीत खुडत होती. "आई, फुलंच तोडली तर फळ कुठून येणार?" "अगं बाई! मला वाटलं कृष्णकमळ हाय. देवाला लई शोभतंय रे." मजुरी करून मला शिकवणारी ही बाई कन्नड तालुक्यातल्या गावाहून माझ्याकडे आल्यापासून रोज म्हणायची, "मला गावाकडं सोड." फुलं आल्यापासून तिनं तो विषयच काढला नव्हता. "उद्यापासून नाय तोडायची," ती हिरमुसून म्हणाली. "तोड गं," मी म्हणालो आणि दुखऱ्या खांद्यानं पुन्हा बादली उचलली. आज गाडीवरून दोन फळं घरी आणली. आईनं चाखून तोंड वाकडं केलं, "आंबट हाय. आपली फुलंच बरी." वेलीच्या पाण्यासाठी मी बादली घेऊन खाली गेलो.