खालिदभाईंची वाम

खालिदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या बाजारात टरबूज ठोकून बघत होतो. फोन त्यांच्या मुलाचा, आरिफचा. "चाचा, अब्बा गेले," एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी टरबूज हातात घेऊन तसाच निघालो. टरबूजवाला मागून ओरडत होता म्हणे, मला काही ऐकू आलं नाही. त्यांच्या घरी पोचलो तर ही गर्दी! खालिदभाईंचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. काचा कापायच्या, फोटोंना फ्रेम करायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. कोपऱ्यात त्यांनी स्वतः जोडलेली काचेची टाकी होती. तिच्या झाकणावर कुण्या शहाण्यानं पाण्याचा जग आणि गिलास मांडून ठेवले होते, आणि येणारा-जाणारा तिथं उभा राहून पाणी पीत होता. आत त्यांनी पाळलेली वाम वाळूत स्वतःला गाडून घेऊन बसलेली, नुसतं टोकदार नाक वर. मी जग उचलून खाली ठेवला. "राहू द्या की हो, टेबलच हाय ते," एकजण म्हणाला. मयतीच्या घरात भांडू नये म्हणून मी दात खाऊन गिलासही उचलून खाली ठेवले.

खालिदभाई माझे चुलतभाऊ, वयानं मोठे. मी एसटीत कंडक्टर होतो, आता घरीच असतो. आमची घरातली बोली दखनी, इथं तिचं मराठी करून लिहितोय. ज्यांनी वाम बघितली नसेल त्यांना सांगतो, नदीतला लांबट मासा आहे, सापासारखा वळवळणारा, अंगावर काळपट नक्षी. आमच्याकडे पूर्णेत सापडते आणि तिचं सालन, म्हणजे रस्सा, ज्यानं खाल्लं तो जन्मभर नाव काढतो. खालिदभाई तर त्या सालनाचे वेडे होते. बरीच वर्षं झाली, हट्टा गावच्या मासेवाल्यानं एक जिती वाम ओल्या पोत्यात गुंडाळून त्यांना आणून दिली. भाभींनी कांदा तळायला टाकला. इकडे वाम बादलीतून निसटली ती सगळं अंगण पार करून थेट दुकानात, काचांच्या मधोमध. एका डॉक्टरनं सांगून बनवून घेतलेली आणि नंतर नेलीच नाही अशी टाकी रिकामी पडली होती. खालिदभाईंनी तिच्यात पाणी ओतलं, वाम सोडली आणि आत ओरडून सांगितलं, "आज ऱ्हाऊ द्या, उद्या कापू." भाभींनी त्या दिवशी नुसत्या मसाल्याशी भाकरी वाढली. तो उद्या काही उगवला नाही, आणि खालिदभाईंनी वाम खायचंही सोडलं.

आता हा छंद म्हणजे साधं काम नव्हे बरं का! शहरातली माणसं सोनेरी मासे ठेवतात, वरून चिमूटभर दाणे टाकले की झालं. ही बाई दाण्यांकडे ढुंकून बघायची नाही. हिला जिती गांडुळं लागायची, तीही अंधार पडल्यावर. खाली खडी चालायची नाही, अंग घासतं. म्हणून पूर्णेची बारीक वाळू चाळून, धुऊन टाकायची. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच ओतायचं. आणि झाकणावर वीट ठेवायची, कारण बोटभर फट दिसली की ही पसार. एकदा अशीच निघाली आणि लग्नाच्या फोटोंच्या ढिगाखाली सापडली, अंगभर भुसा माखलेला. खालिदभाईंनी तिला ओल्या हातांनी उचललं आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तासभर टाकीपाशी उभे राहिले. गिऱ्हाईक उठून गेलं, त्याचं त्यांना काही नाही.

गावानं काय कमी छळलं त्यांना? "खालिदभाई, कवा कापून राहिले?" हा तर दुकानात पाय ठेवणाऱ्याचा सलामच झाला होता. कुणाला वाटायचं वामचं सालन खाल्लं की कंबर धरत नाही. एकजण तर बायको अशक्त आहे, ताकद येईल, द्या म्हणून अडूनच बसला. खालिदभाईंनी त्याची अर्धी झालेली फ्रेम त्याच्या हातात दिली आणि बाहेरचा रस्ता दाखवला. आरिफ पुण्याहून सुट्टीला आला की म्हणायचा, "अब्बा, लोक मासे पाळतात, तुमी सालन पाळून राहिले." सगळे हसायचे. मीही हसलोय. खालिदभाई मात्र म्हणायचे, "हसा लेको. दिवसभर माणसं येतात, आपापले फोटो बघत बसतात. ही एकटी हाय, जी मला बघते."

दवाखान्यातून शेवटचे घरी आले तेव्हा भाभींना त्यांनी सांगून ठेवलं होतं, की माझं काही झालं तर हिला पूर्णेत सोडून द्या, जिथली तिथं जाऊ द्या. भाभींनी मान डोलावली. पण खालिदभाई गेले भर उन्हाळ्यात, नदीत नुसते दगड. आणि भाभी इद्दतीत बसल्या. नवरा गेल्यावर आमच्यात बाई चार महिन्यांच्या वर घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही, रस्त्याकडच्या दुकानातही पाऊल टाकत नाही. मी चुलत दीर, म्हणजे परकाच. त्यामुळं आमचं बोलणं पडद्याआडून. तिसऱ्या दिवशी त्या पडद्यामागून म्हणाल्या, "भाईजान, तवर तुमी सांभाळा. इद्दत सरली की नदीला पाणीबी आलेलं असल. मीच जाऊन सोडते. त्यांनी मला सांगितलंय." एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईनं स्वतःसाठी एखादी गोष्ट मागितलेली मला आठवत नाही.

मग मी रोज दिवे लागले की जायचो. आइस्क्रीमच्या डब्यात ओली माती आणि गांडुळं. पहिला आठवडा वामनं तोंड लावलं नाही. खालिदभाईंचा हात ओळखीचा, माझा नाही. पडद्यामागून रोज एकच प्रश्न, "भाईजान, तिनं खाल्लं का?" न्हाई भाभी. न्हाई भाभी. एका संध्याकाळी मी बल्ब विझवून, श्वास रोखून बसलो तेव्हा तिनं नाक वर काढलं, वास घेतला आणि माझ्या बोटातून गांडूळ ओढून नेलं. मी ओरडलोच, "खाल्लं हो भाभी!" आणि भाभी हसल्या. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा.

चाळीसवं आलं, मयतीनंतरचा चाळिसावा दिवस. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं शिजवतात आणि त्यावर फातिहा, म्हणजे कुराणातली दुवा, पढतात. ते केलं नाही तर रूह, म्हणजे आत्मा, उपाशी जाते, असं घरातली जुनी माणसं मानतात. आरिफ पुण्याहून येऊन सगळं बघत होता. रस्त्यावर मांडव, बावर्ची, चुलींवर डेगी, म्हणजे मोठाले हंडे. बगारा खाना, दालचा, कद्दूची खीर. त्या दिवशी मी दुपारीच डबा घेऊन गेलो, म्हटलं संध्याकाळी गडबड असेल. बघतो तर वीट जमिनीवर, झाकण उघडं, पाणी गढूळ, वाळूत खड्डा. मला वाटलं, निसटली. पांढऱ्या कपड्यांनिशी मी गुडघ्यांवर बसलो आणि फ्रेमांच्या खाली हात घालून चाचपायला लागलो.

"चाचा, काय शोधून राहिले?" मागून आरिफ.

"वाम. बाहेर पडली रे ती."

"ती व्हय... ती डेगीत गेली, चाचा. अब्बांना वामचं सालन किती आवडायचं, तुमीच तर सांगायचे. सगळा बाजार पालथा घातला, कुठं भेटली न्हाई. म्हटलं घरात हाय तर..."

मी त्याच्या थोबाडीत मारणार होतो, खरंच सांगतो. हात उचललाही. पण पोराचे डोळे भरून आले होते. "अब्बांची एक चीज कमी नको पडायला," म्हणाला. अरे गाढवा, तुझा बाप ते सालन सोडून किती वर्षं झाली! पुण्याहून येऊन कधी त्याच्यापाशी दोन घटका बसला असतास तर कळलं असतं! हे सगळं माझ्या तोंडात आलं होतं. तेवढ्यात मौलाना आले आणि सगळे जेवणाच्या दस्तरखानावर बसले. फातिहा पढत असताना माझ्या मांडीजवळ तो डबा होता, आत गांडुळं वळवळत होती. समोर सालनाची वाटी आली. मी ती न शिवताच हात धुऊन उठलो.

आतल्या दारावरून जाताना भाभींनी माझी पावलं ओळखली. त्यांचं ताट आत पोचलेलं होतं, बांगडीविना हात ताटाला लागल्याचा आवाज पडद्यातून येत होता.

"भाईजान, आज सालन कुठून आणलं आरिफनं? बराबर त्यांच्या आवडीचं झालंय. लई दिसांनी खाल्लं." मग जरा थांबून, "आणि तिनं खाल्लं का आज?"

"व्हय भाभी," मी म्हणालो. "खाल्लं."

तेव्हापासून मी रोज जातो. आरिफ परत पुण्याला गेला, दुकानाला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. रिकाम्या टाकीसमोर बसतो, वेळ काढतो, आणि निघताना पडद्यामागून प्रश्न येतो. मी व्हय म्हणतो. परवा म्हणाल्या, "आता मोठी झाली असल न्हाई? बादलीत मावल का?" मावेल, म्हणालो.

भाभी उर्दू शाळेत शिकल्या, मराठी वाचत नाहीत. आरिफ मराठी शाळेत शिकला आणि मी हे ज्या पेपरच्या पुरवणीसाठी लिहितोय ती पुण्यात मिळते. आरिफ, तुझी अम्मी पुढच्या महिन्यात इद्दतीतून उठेल. त्या दिवशी ती अब्बा गेल्यानंतर पहिल्यांदा दुकानात येणार आहे, हातात बादली घेऊन. पूर्णेला पाणी आलंय. मी किल्ली घेऊन दारात उभा राहीन, पण कुलूप तू उघडायचं.