टेपवाल्या मामांनी घेतलेलं माप

टेपवाले मामा कॉम्प्युटर बसवायला आले की त्यांच्या हातात पेचकस नसायचा, गळ्यात शिंप्याची टेप असायची. खोकं समोर ठेवलेलं असायचं, ते कधी फुटतं म्हणून घरदार भोवती जमलेलं असायचं, आणि हे गृहस्थ खोक्याकडे ढुंकूनही न बघता विचारायचे, “बसणार कोण?” जो बसणार असेल त्याला खुर्चीत बसवायचं, बैठकीपासून डोळ्यापर्यंत टेप लावायची, मग खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि आकडे वहीत उतरवायचे. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, हे आता कॉम्प्युटरला सदरा शिवणार.

मामा मुळात शिंपीच. बाजाररस्त्यावर त्यांचं दुकान होतं आणि शाळेच्या गणवेशापासून नवरदेवाच्या कोटापर्यंत सगळं त्यांनी तीस वर्षं शिवलं. मग मानेचे मणके झिजले. हिंगोलीच्या डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधला आणि मशीन बंद करायला सांगितलं. दुकानात सुनेनं फॉर्म भरून द्यायचं काम सुरू केलं आणि शिलाई मशीनच्या जागी कॉम्प्युटर आला. मामा बाजूला स्टुलावर बसून राहायचे. सहा महिन्यांत सूनही मान चोळायला लागली. मामांनी चार दिवस तिच्याकडे नुसतं बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की बारीक काज करताना आपण जसे वाकायचो तशीच ही वाकते आहे. त्यांनी पट्टा सारखा केला, खुंटीवरची टेप काढली आणि सुनेचं माप घेतलं. त्यांचा दुसरा धंदा इथून सुरू झाला.

मॉनिटरच्या खोक्यात एक घडीचा कागद येतो. जगात तो कोणी वाचत नाही, थेट कचऱ्यात जातो. मामा तो कागद हळदीकुंकवाच्या वाणासारखा जपून ठेवायचे. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यातली चित्रं बघायचे आणि अडलं की शाळेतल्या गुरुजींना गाठायचे. पडदा हातभर लांब, त्याची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा बोटभर खाली, दार-खिडकी पाठीशी नको आणि समोरही नको, उजेड बगलेतून यावा. एवढंच त्यांचं शास्त्र. कोणी कॉम्प्युटर बिघडला म्हणून बोलवायला आलं तर ते सरळ सांगायचे, “आतलं मला कळत न्हाई. मला बाहेरचं कळतं.” स्वतः त्यांनी जन्मात एक अक्षरही टाइप केलं नाही. हिंगोलीचे कॉम्प्युटर विकणारे दुकानदार त्यांना हसायचे. मामांना त्याचं काही वाटायचं नाही, कारण कापड विकणारेही शिवणाऱ्याला हसतात हे त्यांना ठाऊक होतं.

काम झालं की मॉनिटरच्या पायाभोवती टेबलावर शिंप्याच्या खडूनं रेघ मारायची आणि आठ दिवसांनी ट्रायलला येतो म्हणून सांगायचं, ही त्यांची रीत. आणि ते खरंच यायचे. न सांगता यायचे, दारातच उभे राहून बसणाऱ्याकडे बघायचे. मॉनिटर रेघेवरून सरकलेला दिसला की आधी मॉनिटर नाही, माणूस तपासायचे. ग्रामपंचायत, पतपेढी, विहारातली अभ्यासिका, सगळीकडच्या टेबलांवर त्यांच्या खडूच्या रेघा होत्या. अभ्यासिकेत त्यांनी पैसे घेतले नाहीत आणि पतपेढीत सोडले नाहीत.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पिठाची गिरणी चालवतात. गिरणीवाल्याचा आणि धुळीचा जन्माचा दावा. त्यामुळे आमच्या घरात जी वस्तू प्लॅस्टिकमध्ये आली ती प्लॅस्टिकमध्येच राहिली. रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दारावर झिल्ली, खुर्च्यांच्या बैठकींवर कागद. बी. ए. झाल्यावर मी टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करायची ठरवली, कारण त्या सर्टिफिकेटशिवाय क्लार्कचा फॉर्मसुद्धा भरता येत नव्हता. अण्णांनी हौसेनं कॉम्प्युटर आणला. तो टीव्हीच्या उंच स्टुलावर, बरोबर दारासमोर मांडला, म्हणजे दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दिसावा. दिवसभर गल्लीचा उजेड पडद्यावर आणि मी त्या पडद्यासमोर बगळ्यासारखी मान वर करून.

दोन महिन्यांत डोकं दुखायला लागलं. अक्षरं धुरकट दिसायची, ओळीवरून नजर घसरायची. हिंगोलीहून चष्मा आणला, थेंब आणले, फरक शून्य. तशीच परीक्षेला गेले. पुढे झुकून झुकून वाचायची सवय लागलेली, त्यात मधली एक आख्खी ओळच गाळली आणि नापास झाले. मग नातेवाइकांना जोर चढला. पोरीचे डोळे कच्चे आहेत, कशाला छळता तिला, असं जो तो म्हणायला लागला. औंढ्याचं एक स्थळ आधीपासून खोळंबलं होतं. अण्णा वाईट माणूस नाहीत, पण चार लोक एकच गोष्ट बोलायला लागले की त्यांना ती खरी वाटते. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, आणखी एक डाव बघू, नाही जमलं तर औंढ्याला होकार कळवू. मी होय म्हटलं आणि आत जाऊन भांडी आदळली.

मामांना बोलावलं ते आईनं. तिची सगळी पोलकी मामांनी शिवलेली. अण्णांना न विचारता ती बाजारातून परतताना त्यांना सोबतच घेऊन आली.

मामांनी मला बसवलं आणि माप घेतलं. मग म्हणाले, “वाच, लेकरा.” मी वाचायला लागले तसे ते माझ्या मागे आले आणि पट्टा बांधलेली ती ताठ मान कशीबशी वाकवून, माझ्या डोक्याला डोकं लावून पडद्याकडे बघत राहिले. बसणाऱ्याच्या जागेवरून बघितल्याशिवाय ते काही बोलत नसत. त्या पडद्यात मजकुरापेक्षा जास्त आमची गल्ली दिसत होती, समोरच्यांच्या शेळीसकट.

“मॉनिटर बगलच्या भिंतीला घ्या, भाऊ,” ते अण्णांना म्हणाले. “आन् स्टुलावरून खाली उतरवा.”

अण्णा म्हणाले, “मग लोकायला दिसन कसा?”

“दिसायचा कोनाला हाय? लोकायला का पोरीला?”

अण्णांनी आतलं बुटकं टेबल ओढत बाहेर आणलं. मॉनिटर खाली आला, बगलेच्या भिंतीला लागला. मामांनी हातभर अंतर मोजलं, पण त्यांचं समाधान होईना. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, कापडाचा पोत बघावा तसं अंगठ्यानं चाचपलं आणि एका कोपऱ्यात नख घातलं. अख्ख्या पडद्यावरून एक पातळ झिल्ली चर्र करत निघून आली. कारखान्यातून येताना लावलेली. तिच्यावर वर्षभराची पिठाची धूळ बसली होती आणि आतून बुडबुडे आले होते. आम्ही ती काढलीच नव्हती.

अण्णा चटकन पुढे झाले. “अहो मामा, नवा राहावा म्हनून ठेवली होती ती.”

मामांनी झिल्लीची नीट घडी केली आणि अण्णांच्या हातात दिली. “भाऊ, पोरगी नवी राहू द्या. डबा होऊ द्या जुना.”

पडद्यावरची अक्षरं काळीभोर झाली होती. वर्षभरात मी इतकी काळी अक्षरं पाहिली नव्हती. कोणी म्हणेल, तेव्हा तुला केवढा आनंद झाला असेल. मुळीच नाही. मला संताप आला. त्या थेंबांचा, चष्म्याचा, डोळे कच्चे म्हणणाऱ्या प्रत्येक तोंडाचा. मी माझ्या डोळ्यांना वर्षभर दोष देत होते आणि गुन्हेगार अण्णांच्या हातात घडी होऊन पडला होता. मामा माझ्याकडे बघत होते. त्यांनी खडूनं रेघ मारली आणि म्हणाले, “राग आलाय नं? मग आता टाइप करून काढ.”

आठ दिवसांनी ट्रायलला आले तेव्हा डोकेदुखी गेली होती. पण मी अजून पुढे झुकतच होते. लागलेली सवय झिल्लीसारखी नखानं निघत नाही. मामा त्यानंतर दर बाजारच्या दिवशी येऊन दहा मिनिटं माझ्या मागे बसू लागले. मी झुकले की टेपचं पितळी टोक खुर्चीच्या पाठीवर टक्कन वाजवायचे. तीन महिन्यांत तो आवाज बंद झाला आणि माझा वेग कुठल्या कुठे गेला. परीक्षेच्या आधी मात्र त्यांनी एक नवीनच धडा दिला.

“तिथला मॉनिटर तुझ्या मापाचा नसनार,” ते म्हणाले. “आन् टेप आत नेऊ देनार न्हाईत. पन हात तर नेऊ देतील.” मग खांद्यातून हात सरळ करून बोटांची टोकं पडद्याला टेकतात का बघायचं, आणि पंजा भुवईला आडवा लावून तो सरळ पुढे नेला की पडद्याची वरची कड कुठे येते ते बघायचं, हे त्यांनी वीस वेळा करून घेतलं.

परीक्षेला अण्णा मला घेऊन निघाले तसे मामाही जीपमध्ये येऊन बसले. पट्टा बांधून हिंगोलीपर्यंतचे हादरे खाल्ले. केंद्रावर माझ्या जागेचा मॉनिटर अगदी तोंडाजवळ येऊन बसला होता आणि पाठीमागच्या खिडकीचा सगळा उजेड त्याच्यात. मी हात पुढे केला तसे पर्यवेक्षक ओरडले, मशीनला हात लावायचा नाही. एरवी मी गप्प बसले असते. त्या दिवशी उभी राहिले. “सर, आतलं काही करत नाही,” मी म्हटलं, “बाहेरून फक्त फिरवते.” त्यांनी माझ्याकडे, मग खिडकीकडे बघितलं आणि होकाराची मान डोलावली.

मी हात सरळ करून अंतर मोजलं, मॉनिटर मागे सारला, खिडकी दिसेनाशी होईपर्यंत तिरका केला, पंजा भुवईला लावून कड बघितली. शेजारची मुलगी टक लावून बघत होती. तिनं हळूच विचारलं, असं काहून करून राहिलीस. मी सांगितलं. तिनंही हात पुढे केला. मग तिच्या पलीकडच्या मुलानं केला. बघता बघता आमची सगळी रांग शाळेच्या कवायतीसारखी हात ताणून बसली होती आणि पर्यवेक्षक कपाळाला हात लावून उभे होते. गोरेगावच्या एका शिंप्यानं त्या दिवशी आत पाऊल न टाकता आख्ख्या रांगेचं माप घेतलं.

उतारा आला. एकही ओळ सुटली नाही. वेळ संपायच्या आधी माझा हात थांबला आणि मी पाठ खुर्चीला टेकून बसून राहिले.

बाहेर लिंबाखाली अण्णांनी घाईघाईनं विचारलं, पेपर कसा गेला. मामांनी विचारलं, “बसलीस कशी?” मी म्हटलं, बराबर. ते म्हणाले, “मग गेला.” आणि चहा सांगायला निघून गेले. निकाल लागला तेव्हा मी पास होते आणि औंढ्याच्या मंडळींना अण्णांनी स्वतः फोन करून आमची मुलगी नोकरीचं बघते आहे असं सांगितलं. त्यांच्या आवाजात इतकी ऐट होती की आईला पदर तोंडाला लावावा लागला.

पुढे वर्षभरात हिंगोलीच्या एका कार्यालयात मला क्लार्कची जागा मिळाली. बरोबर आठव्या दिवशी टेबलासमोर कोणी उभं राहिलं म्हणून बघितलं तर मामा. मी उठायला लागले तर त्यांनी हातानंच बसवलं. अर्जदारांच्या बाकावर बसून दहा मिनिटं मला काम करताना बघत राहिले. साहेबांनी शिपायाला विचारलं, यांचं काय काम आहे. मी म्हटलं, सर, ट्रायलला आलेत. मामा उठले, गळ्यातली टेप काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

“बराबर बसलं,” ते म्हणाले. “आता तू घे लोकायचं माप.”

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. मी आणि अण्णा जाऊन आलो. त्यांच्या सुनेच्या टेबलावर खडूची रेघ तशीच होती, तिनं ती पुसू दिली नव्हती. मी खूप रडले. घरी आल्यावर अण्णांनी हातपाय धुतले, फ्रिजसमोर उभे राहिले आणि दारावरची पंधरा वर्षांची झिल्ली कोपऱ्यातून उचकटायला लागले. ती तुकड्यातुकड्यानं निघत होती. त्यांनी संध्याकाळपर्यंत बसून सगळी काढली.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीसाठी नवा कॉम्प्युटर आला. त्या दिवशी मी सुटीला घरी होते आणि आत भाकरी करत होते. बाहेर टेबल सरकवल्याचा आवाज आला, मग चर्र करून झिल्ली निघाल्याचा. बघते तर मॉनिटर बगलेच्या भिंतीला, दाराकडे पाठ नाही आणि तोंडही नाही, बहीण खुर्चीत ताठ बसलेली आणि दळणवाल्या दोन बाया दारात खोळंबलेल्या. अण्णांनी त्यांना गिरणी जरा वेळ बंद आहे म्हणून सांगितलं आणि मला हाक मारली.

“टेप घेऊन ये वं. पोरगी बसून राहिली.”