रिकामा तळहात

उइटहॉर्न या डच गावातल्या आमच्या घराचा जिना इतका उभा आहे की चढताना नजर समोरच्या भिंतीवर जातेच. त्या भिंतीवर आईच्या हातचं चित्र आहे. ती गेल्यानंतर कितीतरी दिवस मी मान खाली घालून जिना चढायचे.

चित्र तिने इथेच काढलं, व्हिसाच्या तीन महिन्यांत, वरच्या खोलीत बसून. काळंनिळं आकाश, त्यात तरंगणारं उपडं पातेलं, मुळांसकट उपटलेली तुळस, खाली वात लोंबणारी समई. मधोमध मोठा उजवा हात, तळवा वर, खाली डाव्या हाताचा आधार. तळवा रिकामा. करंगळी वाकडी, आईचीच.

"कुणाकडे काय मागतोय गं हा?" मी विचारलं होतं.

"मागत नाहीये, घेतोय," ती म्हणाली आणि ब्रश धुवायला गेली.

पुण्याला परतल्यावर थोड्याच दिवसांत ती झोपेत गेली. तिला आधी कळलं होतं का, एवढंच मला हवं होतं. कळलं असेल, तर माझ्याच घरात, माझ्या हातचं जेवत ती एकटी घाबरत होती का? तो हात दिसला की हेच डोक्यात यायचं. जिन्यात कुणीतरी थांबलंय असं वाटायचं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "जुनी घरं अशी वाजतात." आमचं घर वयाने त्याच्याहून लहान आहे.

पाहुण्यांना मात्र चित्राचा अर्थ चटकन लागायचा. बुइटनव्हेल्डर्टला राहणारी मैत्रीण म्हणाली, "क्रिएटरचा हात आहे गं, अख्खं युनिव्हर्स होल्ड करतोय." शेजारच्या डच बाईंना तो भिकाऱ्याचा वाटला. मी दोघींना चहा दिला.

मग मुलगी शाळेच्या कॅम्पला निघाली. दारातच तिला अडवून मी चमच्यात दही घेतलं.

"मम्मा, नॉट द योगर्ट थिंग," ती कुरकुरली, पण हात पुढे केला. उजवा वर, डावा खाली. मी तिच्या डोक्यावरून जिन्याकडे पाहिलं. अगदी तसाच हात.

निघताना हातावर दही ठेवायचं ते मोठ्यांनी, धाकट्यांच्या. घरात आईहून मोठं कुणी उरलं नव्हतं. विमानतळावर जायच्या सकाळीही, जाणार होती ती आणि दही तिने आमच्या हातांवर ठेवलं. तिच्या हातावर ठेवणारी माणसं सगळी आधीच वर गेलेली. म्हणून चित्रात तिने हात तिकडे पुढे केला होता. तिला कळलं होतं. आणि घाबरलेलं माणूस इतका नीट हात धरत नाही. मी दारातच रडले. मुलीला वाटलं, कॅम्पमुळे.

ती सायकलवरून गेली तेव्हा चमच्यात थोडं दही उरलं होतं. मान वर करून मी जिना चढले. धाकट्यांनी द्यायचं नसतं हे ठाऊक असून ते चित्रातल्या तळव्यावर ठेवलं. वाळून पांढरा ठिपका राहिलाय. पाहुणे त्याला चंद्र समजतात.

त्या दिवसापासून जिन्यात कुणी थांबलेलं नसतं. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. पण मीच तिला निघू दिलं, आणि आता वर जाताना मी उगाचच मधल्या पायरीवर थांबते.