नाशकाची लुगडी कराचीत

क्वेट्ट्याच्या भूकंपातून वाचलेली माणसं कराचीच्या छावणीत आली आहेत, बायकामुलांचे कपडे शिवायला कुणी हवंय, असं आमच्या मदत समितीत निघालं आणि मी हात वर केला. मी नाशकात मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. कात्र्या, सुया, दोरे बांधून तयार झाले. आणि समितीने काय बांधलं? नऊवारी लुगडी! गठ्ठेच्या गठ्ठे, प्रत्येकावर देणारीच्या नावाची चिठ्ठी. "तिथल्या बायका हे नेसतात का हो?" असं प्रमुख अण्णासाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, दानाला नाक मुरडू नका."

मुंबईपर्यंत आगगाडी, पुढे आगबोट. तुम्हाला जायचं असेल तर एवढं ऐका, आषाढात डेकचं तिकीट काढू नका. स्वस्त पडतं, पण पोटातलं सगळं समुद्राला द्यावं लागतं. लिंबू आणि सुंठ जवळ ठेवा. मी आडवी पडलेली, आणि अण्णासाहेब शेजारी उभे राहून फोटो ठरवताहेत: छावणीतल्या बायका आमची लुगडी नेसून ओळीने उभ्या, मधोमध स्वतः. कपाळ माझं! मालेगावच्या विणकर घरातली हमीदाबी सोबत होती म्हणून निभावलं. तिला उर्दू येत होती.

कराचीत बंदरावरून ट्राम मिळते, छावणीला मात्र घोडागाडी. भाडं आधी ठरवा, नाहीतर बुडालात. रस्ते रुंद, स्वच्छ, त्यांवरून उंटगाड्या संथ चाललेल्या. तंदुरी रोटी आणि डाळ झकास! अण्णासाहेबांना ती चालेना; ते घरून आणलेल्या पोह्यांवर राहिले आणि त्यांची चिडचिड आम्ही सोसली.

छावणीत पहिल्याच दिवशी गुलबीबी भेटली. नवरा ढिगाऱ्याखाली गेलेला, पाच वर्षांची मुलगी हरवलेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला अनाथ मुलांच्या घरात तशीच एक मुलगी आहे, असा निरोप आला होता. आईने स्वतः येऊन ओळखल्याशिवाय ते मूल देणार नव्हते. आणि गुलबीबी तंबूबाहेर पडेना. तिची सलवार गुडघ्यापर्यंत फाटलेली, उसनी मागावी तर प्रत्येकीच्या अंगावर एकच जोड.

"लुगडं गुंडाळून चल म्हणावं," अण्णासाहेब म्हणाले.

हमीदाबी उसळली. "अहो, हिला ते नेसता येत नाय. आन् उघड्या पायांनी ती मेली तरी बाहेर यायची नाय!"

"मग कापते," मी म्हणाले. "एका लुगड्यात दोन-तीन सलवारी सहज निघतील."

"दिलेल्या वस्त्राला कात्री? नाशकात तोंड कसं दाखवू मी?"

"तुमचं तोंड राहू द्या हो, तिला पाय झाकायचेत!"

त्यांनी नाशकाला तार केली. समितीचं उत्तर येईपर्यंत गठ्ठे त्यांच्या कुलपात. दोन दिवस! मी नुसती धुमसत होते. गुलबीबी मात्र हमीदाबीला मुलीचंच सांगत बसलेली: आईचा कान धरल्याशिवाय झोपत नाही, मनुका चोरते, पकडली की हसते. सांगताना ही स्वतःही हसायची.

तिसऱ्या सकाळी मी अण्णासाहेबांसमोर हात पुढे केला. "किल्ली द्या, नाहीतर कुलूप फोडते." दिली. दुपारपर्यंत सलवार झाली आणि आम्ही तिघी गाडीत बसलो. वाटेत गुलबीबीने मनुका घेतल्या.

मुलीला बाहेर आणलं. गुलबीबी पाहत राहिली. ही तिची नव्हती. मग तिने मनुकांची पुडी त्या मुलीच्या हातात ठेवली आणि गाडीत जाऊन बसली.

पुढे महिनाभर मी कापत आणि शिवत राहिले. आता कात्री का लावता, असं कुणी विचारत नव्हतं.

नाशकात सत्कार झाला. हार घालतानाच एक बाई म्हणाल्या, "माझं लुगडं फाडलंत म्हणे?" मी भडकलेच. "हो, फाडलं! पहिल्याच दिवशी फाडायला हवं होतं!"

घरी आले तरी राग उतरेना. तिचे दोन दिवस आम्ही वाया घालवले, असं मी आजही कुणालाही सांगते. पण ते दोन दिवस तिच्यापुरती तिची मुलगी जिवंत होती. हे आठवलं की मला धड रागावताही येत नाही.