उपासात राहिलेल्या गोळ्या

लेकरू झाल्यापासून मला कायच गोड लागत नव्हतं. लेकरू रडायचं, म्या बी रडायची. भाकर पुढ्यात घिऊन बसायची आन् तशीच उठायची. मग ह्यांनी नळदुर्गाहून सोलापूरला नेलं. डाक्तरांनी मनाच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या, रोज घ्यायच्या म्हणाले. घेतल्या, बरं वाटाया बी लागलं, लेकराकडं बघून हसू यायचं.

तेवढ्यात घट बसले. मला नवरात्राचा उपास. गोळीवर गोड थर असतोय, कशाचा केलेला कोण जाणं, उपासाला चालंल का न चालंल, म्हणून म्या गोळ्या बाजूला ठिवल्या. कुणाला इचारलं न्हाय. दसऱ्याला उपास सुटला. औषध अर्धं ऱ्हायलं तर दुखणं परत यील आसं वाटलं, म्हणून राहिलेल्या समद्या एकदम गिळल्या आन् वर पुरणाची पोळी खाल्ली.

दुपारी तोंडाला कोरड पडली, पाणी प्यालं तरी जीभ टाळूला चिकटायची. लेकराचं तोंड पुसट दिसाया लागलं. आन् काळीज आसं पळायचं, आसं पळायचं, मधीच एक ठोका चुकायचा, म्या दम धरून बघायची, आता येतोय का न्हाय, मग दोन जोडून यायचे. म्या सासूला म्हणलं, "आत्याबाई, मला कायतर व्हतंय, लेकराला घ्या."

सडकंवर ढाब्याम्होरं एका ट्रकाची पूजा चालली व्हती, झेंडूच्या माळा घातल्या व्हत्या. ह्ये पळत गेले. डायवर चाचा म्हणाले, "नारळ फोडायचा ऱ्हायलाय." लगीच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सोलापुरात फोडू. बस, बेटी." लेकरू थोरल्या जावंपाशी ठिवलं, त्यांचं बी अंगावर पीत व्हतं.

दवाखान्यात डाक्तरांनी पैल्यांदा इचारलं, "जीव द्यायला घेतल्या का?"

संगं आलेल्या आत्याबाईच उसळल्या, "अवो, जीव द्यायचा असता तर देवीला निवद दावून, पोळ्या लाटून, पोटभर जेवून दिला असता व्हय? चुकली पोरगी. आडाणी हाय, पर तसली न्हाय."

"रागावू नका आजी," डाक्तर म्हणाले, "मला खरं कळाया पायजे."

नळी घालून पोट धुतलं, छातीला तारा लावून कागदाच्या पट्टीवर रेघा काढल्या. दिस कलताना जरा हलकं वाटलं. छाती दुधानं दगड झाली व्हती. म्या म्हणलं, घरी जाते. आत्याबाईंनी बी पिशवी उचलली.

"बरं वाटतंय म्हणून जाऊ नका," डाक्तर म्हणाले. "ह्या गोळ्या जास्ती झाल्या की काळजाची चाल बिघडती. माणूस बोलता बोलता पडतंय."

"लेकरू हाय, डाक्तरसाहेब."

"लेकराला आय पायजे का न्हाय?"

म्या निजले. आन् खरंच, नर्सबाईशी बोलता बोलता काळीज वाकडंतिकडं उड्या मारायला लागलं, डोळ्यांम्होरं अंधारी आली. नर्सबाईचं बोट नाडीवरच व्हतं, तिनं हाक मारली, डाक्तर पळत आले, शिरंतून औषध दिलं. नर्सबाई कानाशी म्हणायची, "चालतंय, चालतंय, भिऊ नको." म्या तिचा हात धरला तो सोडलाच न्हाय. तिनं बी सोडवून घेतला न्हाय, चहा निवून गेला तिचा.

ठोके सरळ झाल्यावर सोडलं. गोळी वाईट न्हाय, एकदम घेतल्या ते वाईट, म्हणाले. पुढं परत थोडी थोडी चालू केली. आता गोळ्या आत्याबाईंच्या कनवटीला असत्यात. एकादशी असली तरी म्हणत्यात, "आ कर. देवीचं म्या बघते."

घरी आले तर लेकरानं माझ्याकडनं तोंड फिरवलं. मला रडूच फुटलं. जाऊबाई म्हणाल्या, "येडी का काय? थोडं पाजलं तर लगीच माझं झालं व्हय? मला माझंच एक जड झालंय. घे तुझं!" आन् माझ्या मांडीत टाकलं.

औषध अंगात जास्ती झालं, म्हणून काय दिस अंगावर पाजू नको आसं डाक्तरांनी सांगितलंय. तवर त्या पाजत्यात, म्या निजवते. पाजून झालं की त्याच हाक मारत्यात, "ये गं, ने तुझं गाठोडं." आन् म्या जाते.