तीनचा आकडा

आमच्या घराच्या पश्चिमेच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. प्रत्येकीला सागवानी झडपांची जोडी, प्रत्येक झडपेत अकरा आडव्या पट्ट्या. एकूण चव्वेचाळीस. प्रत्येक झडपेच्या मधोमध एक उभी दांडी. ती सरकवली की तिच्या सगळ्या पट्ट्या एकदम मिटतात किंवा उघडतात. सकाळी नऊला आई पट्ट्या मिटायची, सूर्य बुडाला की उघडायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे काम तिचंच.

मागच्या दिवाळीनंतर तिच्या खुब्याचं हाड मोडलं. जिना बंद झाला. खाली निजण्याजोगी हीच खोली, आणि कूलरची ओली हवा तिच्या दम्याला सोसत नाही. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "सोलापूरचा मे तिला झेपायचा नाही. मी घेऊन जातो." आई मला एवढंच म्हणाली, "मला इथून हलवू नका रे." मी भावाला शब्द दिला की खोली दोन अंशांनी तरी खाली आणतो.

फेब्रुवारीत सुतार बोलावला. रंगाचे सात थर खरवडले, खालचं कुजलेलं लाकूड बदललं, चौकटीच्या कडेनं फट राहू नये म्हणून नमदा, म्हणजे जाड लोकरी पट्टी, लावला. इथवर ठीक होतं. मग मी पट्ट्यांमधल्या फटी मोजल्या. दोन ते चार मिलीमीटर. सगळ्यांची बेरीज केली तर तेरा-चौदा सेंटिमीटर रुंदीचं भोक निघालं. मी ठरवलं, पट्ट्या मिटवून चिकटवून टाकायच्या, दांड्या काढायच्या, आतून थर्माकोल आणि त्यावर प्लाय.

सुतार थांबला. "पट्ट्या हलू द्या की, साहेब. आईसाहेबांना थर्मासात ठेवताय व्हय?"

मी त्याला बेरीज दाखवली.

"तुमचं गणित लई पक्कं," म्हणाला, आणि कामाला लागला. जड झालेल्या झडपा जुन्या बिजागऱ्यांना पेलेनात, म्हणून त्या चौकटीलाच स्क्रूनं आवळल्या.

एप्रिलभर मी रोज दुपारी तीनला खोलीतलं तापमान वहीत लिहिलं. मागच्या उन्हाळ्यातले आकडे माझ्याकडे होतेच. जवळजवळ तीन अंशांचा फरक. आकडा मी आईला मोठ्यानं वाचून दाखवायचो. "बरं वाटतं," ती म्हणायची.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी चहा घेऊन गेलो, तर तिची उशी भिजलेली होती. ओठ सुकलेले. श्वास वर लागलेला.

"अगं, बोलली का नाहीस?"

"तू तीनचा आकडा बघतोस रे. पहाटे सहाचा कधी बघितलास?"

बघितला. खोलीत छत्तीस, बाहेर अंगणात अठ्ठावीस. दिवसभर तापलेल्या दगडी भिंती रात्री ऊन परत देत होत्या, आणि ते जायची वाट मी स्वतः बुजवली होती. चाळीस वर्षं आई संध्याकाळी काय करत होती, हे मी रोज पाहिलं होतं. मोजलं मात्र नव्हतं.

त्याच दिवशी स्क्रू काढले. प्लाय निघाला. थर्माकोल सोलताना पट्ट्यांच्या टोकांच्या बारीक खुंट्या तुटत गेल्या, चव्वेचाळीसपैकी एकतीस. झडपा झडपा राहिल्या नाहीत. उघड्या खिडक्यांवर दुपारी चादरी टांगल्या आणि तीनलाच खोली एक्केचाळीसवर गेली. रविवारी भाऊ गाडी घेऊन आला. त्यानं उचलून गाडीत ठेवताना आईनं खिडकीकडे पाहिलं. मी खिडकीच्या पुढ्यात उभा होतो.

आता ती पुण्यात, भावाच्या घरी सातव्या मजल्यावर असते. पडल्या पडल्या आभाळ दिसतं, म्हणते. पाऊस सुरू झाल्यावर तिला परत आणायचं ठरलं होतं, पण डॉक्टर आता प्रवासाला नको म्हणतात, आणि भाऊ तारीख काढत नाही. सुतारानं तुटलेल्या पट्ट्या गोणीत भरून नेल्या. तसल्या जुन्या सागाच्या पातळ फळ्या मिळाल्या की बघू, म्हणाला. खिडक्यांना प्लायचे तुकडे ठोकले आहेत. आईला मात्र मी फोनवर सांगितलंय की झडपा दुरुस्त होऊन परत बसल्या.

रोज सकाळी आईचा फोन येतो. "रात्री पट्ट्या उघडल्या होत्यास ना? सहाला किती होतं?"

मी आकडा सांगतो. वहीत मात्र तो लिहीत नाही, कारण मी तो मोजलेला नसतो.